ओरखडा गेला, धुकं मागे राहिलं

प्रश्न : दिवाळीनंतर धानाची पोती उतरवताना हमालाच्या लोखंडी आकड्याचं टोक आमच्या गर्द निळ्या गाडीच्या मागच्या दाराला लागलं. वीतभर रेघ उमटली. मी रबिंग कंपाउंडचा डबा आणला आणि जुन्या बनियनच्या कापडानं दुपारभर घासत बसलो. रेघ गेली, पण तिथला पंजाएवढा भाग आता दुधाचा हात लागल्यासारखा पांढुरका दिसतो. पाणी मारलं की नाहीसा होतो, वाळलं की पुन्हा हजर. गॅरेजवाला म्हणतो, "कलर जल गया है, पूरा दरवाजा मारना पडेगा." खरंच रंग जळला का?
— एक वाचक, मुर्री (जि. गोंदिया)

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. पाणी मारलं की डाग नाहीसा होतो, हे. डॉक्टरनं नाडीवर बोट ठेवावं तसं आपण तिथूनच सुरू करू.

न्हाणीघराच्या खिडकीची दुधी काच आठवा. तिच्या खडबडीत बाजूवर ओला हात फिरवला की पलीकडचं झाड दिसायला लागतं आणि काच वाळली की पुन्हा दुधी. काचेत दूध नसतं. पृष्ठभाग बारीक बारीक खरवडलेला असतो, त्यामुळे प्रकाश सरळ परतायच्या ऐवजी दाही दिशांना फेकला जातो आणि डोळ्याला ते पांढरं दिसतं. पाणी त्या खाचा भरून काढतं. पाण्यातून आणि काचेतून प्रकाश जवळपास सारखाच वळतो, हवेचं तसं नाही. खाचेत हवेऐवजी पाणी बसलं की प्रकाशाला खाच जाणवतच नाही म्हणा ना. तुमच्या दारावरही हेच चाललंय. आकड्यानं एक मोठा ओरखडा काढला होता. तुम्ही तो घासून काढलात आणि त्याच्या जागी हजारो सूक्ष्म ओरखडे पेरलेत. एकेकटा दिसत नाही, सगळे मिळून धुकं दिसतं.

मग गॅरेजवाला चूक का? शंभर टक्के म्हणता येत नाही, कारण पाण्याची खूण ही निम्मीच साक्ष आहे. रंगावरचा पारदर्शक थर पार घासून गेला असेल तर तो भागही ओला केल्यावर गडद दिसतो. फरक कडांवरून कळतो. निव्वळ धुकं असेल तर ते कडेला हळूहळू विरत जातं. थर गेला असेल तर नकाशातल्या बेटासारखी स्पष्ट किनार दिसते आणि आतला भाग एकसारखा निस्तेज असतो. दुसरी खूण कापडावर. पांढऱ्या स्वच्छ फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन त्या जागी हलकेच चोळा. फडकं पांढरं राहिलं तर तुम्ही अजून वरच्या पारदर्शक थरातच आहात. निळं झालं तर हात खालच्या रंगापर्यंत पोचलाय (किंवा गाडीला वरचा थर मुळातच नाही, काही जुन्या एकरंगी गाड्यांवर तो नसे). त्या बनियनच्या चिंधीवर निळं आलं होतं का, हे आठवून बघा. चिंधी अजून फेकली नसेल तर फारच उत्तम.

आता हा वरचा थर किती जाड असतो ते ऐका, म्हणजे पुढची सगळी सावधगिरी का ते कळेल. कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. त्यात गंजरोधक थर, प्रायमर, मग निळा रंग आणि सगळ्यांत वर क्लिअर कोट, तो ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपास. डोक्याचा केस यापेक्षा जाड असतो. तुमच्या दाराची सगळी चकाकी या केसाहूनही पातळ प्लॅस्टिकच्या पापुद्र्यात आहे आणि उन्हातली अतिनील किरणं शोषणारी द्रव्यंही त्याच पापुद्र्यात मिसळलेली असतात. तो फार पातळ झाला की गोंदियाचा मे महिना उरलेलं काम करतो : रंग आधी फिका पडतो, मग पोपडे धरतो.

घासून चमकवायची आपली सवय मात्र याहून जुन्या रंगांवर घडलेली आहे. १९२३ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ओकलँड गाड्यांवर ड्यू पाँ कंपनीचा 'ड्युको' हा लॅकर रंग आला. त्याआधी गाडीचा रंग वाळायला आठवडे लागत, हा मात्र झटपट वाळे. पण वाळल्यावर तो मंदच दिसायचा, त्याला कंपाउंडनं घासूनच चमक आणावी लागे. आपल्याकडे अ‍ॅम्बॅसिडर आणि फियाटच्या जमान्यात गॅरेजांमधून हेच नायट्रोसेल्युलोज रंग मारले जात आणि 'रबिंग-पॉलिश' हा जोडशब्द त्याच कामाचा. फर्निचरचे पॉलिशवाले आजही 'ड्युको मारू का?' असं विचारतात, ते या नावामुळे. त्या रंगात घासणं ही कामाची शेवटची पायरी होती. आजच्या रंगात घासणं म्हणजे मुद्दलातून खर्च.

तुमच्याकडे आणखी एक गोष्ट आडवी आली असावी असा मला दाट संशय आहे. गोंदिया म्हणजे राइस मिलांचा मुलूख. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस असतो. उसना तांदूळ करणाऱ्या मिलांच्या बॉयलरमध्ये हेच तूस जळतं आणि त्याच्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. जुन्या बायका पितळेची भांडी राखेनं घासून लखलखीत करायच्या, त्यात हीच सिलिका राबायची. धातूचं भांडं ते सोसतं. क्लिअर कोट हे शेवटी प्लॅस्टिक, आणि ही सिलिका कडकपणात काचेच्या जवळपास. हंगामात गाडीवर बसणारी ती भुरकट धूळ पिवळ्या फडक्यानं कोरडीच पुसली, की प्रत्येक पुसण्याबरोबर गाडी बारीक पॉलिश पेपरनं घासल्यासारखी होते. तुम्ही दिवाळीनंतर, म्हणजे ऐन मळणीत, अंगणात बसून घासत होतात. बनियनच्या कापडात कंपाउंडबरोबर ती धूळही फिरत होती, हे मी पैजेवर सांगतो.

उरलेला दोष हाताचा. कापडामागे चार बोटं असतात आणि सगळा जोर बोटांच्या टोकांशी एकवटतो, म्हणून सपाट घासण्याऐवजी चार चऱ्या पडत जातात. शिवाय आजची बरीच कंपाउंडं अशी बनवलेली असतात की मशिनच्या वेगात त्यांतले कण मोडून बारीक होत जावेत. हातानं ते पुरेसे मोडत नाहीत, म्हणून शेवटपर्यंत भरडच कापत राहतात. लोकांना वाटतं, चमक येत नाही म्हणजे अजून जोरात घासायला हवं. इथेच घात होतो. धुकं घालवायला जोर नाही, बारीक माल लागतो.

तर आता काम. कंपाउंडचा डबा कपाटात ठेवून द्या. बाजारातून 'फिनिशिंग पॉलिश' म्हणून मिळणारं सगळ्यात बारीक पॉलिश आणा, एक मऊ फोमचा गोल पॅड आणि तीन-चार मायक्रोफायबरची फडकी. सकाळी लवकर, सावलीत, पत्रा गार असताना सुरुवात करा. दार आधी नुसत्या पाण्याच्या धारेनं धुवा, मग शाम्पूच्या पाण्यानं. बादल्या दोन : एकीत शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायचं साधं पाणी. एकाच बादलीत खळबळलं तर काढलेली धूळ परत दारावर.

दार टिपून कोरडं झालं की धुरकट भागाच्या भोवती दाराची कड किंवा पत्र्याचा उठाव येत असेल तर त्यावर मास्किंग टेप लावा. फोमवर हरभऱ्याच्या दाण्याएवढे तीन थेंब घ्या, जास्त नको. वहीच्या पानाएवढीच जागा धरा. पॅडमागे बोटं नव्हे, तळहात सपाट टेकवा आणि झोपलेल्या मांजरावरून हात फिरवावा इतक्या हलक्या हातानं आधी आडवे, मग उभे असे वीस-पंचवीस फेर घ्या. गोल गोल नको : गोल चऱ्या उन्हात कुठूनही पाहिलं तरी चमकतात, सरळ चऱ्या एखाद्याच कोनातून दिसतात. पॉलिश वाळून पावडर होईपर्यंत थांबू नका. पारदर्शक साय उरली की पुसून घ्या. फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद. झटकून पुन्हा वापरायचा मोह होतो, मला माहीत आहे.

त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्म्या पाण्यात मिसळून त्या जागेवरून एकदा पुसा. पॉलिशमधलं तेल खाचांमध्ये पाण्यासारखंच बसतं आणि सगळं बरं झाल्याचा भास होतो. 'पॉलिश करून आणली, दोन धुण्यांत पुन्हा तशीच' ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. तिथे धुकं गेलेलंच नसतं, तेलानं किंवा मेणानं झाकलेलं असतं. अल्कोहोलनं तेल निघालं की खरी स्थिती दिसते. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. (पेट्रोल आणि थिनर या कामाला लावू नका.) धुकं कमी झालं असेल पण गेलं नसेल, तर हाच फेरा आणखी एकदा, फार तर दोनदा. शेवटी वॅक्सचा पातळ हात.

तीन फेऱ्यांनीही ढिम्म हललं नाही तर हाताचा नाद सोडा आणि ज्याच्याकडे 'ड्युअल अ‍ॅक्शन' मशिन आहे असा माणूस गाठा. त्याची चकती स्वतःभोवती फिरता फिरता डगमगते, त्यामुळे उष्णता एका जागी साचत नाही. नुसती गरगर फिरणारी जुनी बफिंग मशिन कसबी हातात झकास काम करते, शिकाऊ पोऱ्याच्या हातात मात्र खरोखर 'कलर जल गया' करून दाखवते.

टेपचा आग्रह मी उगाच धरलेला नाही. मेव्हण्याच्या काळ्या गाडीचं बॉनेट मी एकदा असंच हौसेनं चमकवायला घेतलं होतं. सपाट भाग आरशासारखा झाला. त्या आनंदात बॉनेटच्या मधल्या उठावावरून पण दोन हात जास्त मारले. उठावावर रंग मुळात पातळ बसतो आणि हाताचा सगळा भार त्याच रेघेवर येतो. फडक्यावर काळी रेघ आली तेव्हा आधी मला वाटलं, मळ निघतोय. मळ नव्हता. बॉनेट पूर्ण रंगवून घ्यावं लागलं, पैसे मी दिले, आणि आजही त्यांच्या घरी गेलो की मेव्हणा किल्ल्या आधी खिशात टाकतो.

दार खरंच रंगवायची वेळ कधी येते? जिथे ओरखडा होता तिथे नख अडकत असेल, राखाडी प्रायमर दिसत असेल किंवा ती किनारवाली बेटं उमटली असतील, तर. पण 'रंगवा' म्हणणाऱ्याला आधी रंगाची जाडी मोजायला सांगा. त्याचं छोटं यंत्र येतं, पत्र्याला टेकवलं की मायक्रॉनचा आकडा दाखवतं. दाराचा न घासलेला भाग आणि तुमचा पंजाएवढा भाग, दोन्हीकडचे आकडे घ्या. फरक चार-पाच मायक्रॉनचा असेल तर दार रंगवायची गरज नाही. हे घाईनं ठरवू नका असं सांगतो, कारण कारखान्यात क्लिअर कोट साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजून पक्का केलेला असतो. गॅरेजच्या बूथमध्ये गाडीचे टायर, वायर आणि गाद्या जागेवर असतात, तिथे ६० अंशांच्या आसपासच थांबावं लागतं. मूळचा रंग वाचत असेल तर तो वाचवलेला बरा.

प्रश्न : शेजारी सांगतात, टूथपेस्टनं चोळा. आणि हे विम्यातून करून घेता येईल का?
— तेच वाचक

उत्तर : टूथपेस्टमध्येही दात घासायचे कण असतात, कशात चॉक, कशात सिलिका. म्हणजे तेही एक कंपाउंडच, फक्त कण किती भरड ते नळीवर लिहिलेलं नसतं. एखाद्याचं काम झालं असेल, दुसऱ्याचं धुकं वाढलं असेल. आणि काळ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर वाळली की तिथला पांढरा डाग काढत बसण्यात रविवार जातो.

विम्याचा हिशेब छोटा आहे. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला प्रत्येक दाव्यात पहिले १००० रुपये तुमचेच. दावा केला की नो क्लेम बोनस जातो, तो पहिल्या बिनदाव्याच्या वर्षानंतर २० टक्के आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के असतो, गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर. एका दाराच्या रंगकामाचा दर विचारा, त्यातून हे दोन्ही वजा करा. शिवाय सर्व्हेअर विचारणार, ओरखडा कुठे आहे? तो तर तुम्ही स्वतःच घासून काढलात.