अ‍ॅप टाकलं, तरी साइट उघडतेच!

प्रश्न : मुलगा नववीत आहे. अश्लील साइट अडवणारं अ‍ॅप त्याच्या मोबाइलवर टाकलं, तरी काही उघडतातच. लपून नजर ठेवणारं अ‍ॅप टाकू का? – एक आई, हिंगणघाट

उत्तर : ताई, घाबरू नका. अशी बरीच अ‍ॅप्स ठरलेल्या यादीवर चालतात. रोज निघणारी नवी साइट तीत नसते, आणि व्हीपीएन (दुसऱ्या सर्व्हरमार्गे साइट उघडणारं अ‍ॅप) लावलं की यादीही निरुपयोगी ठरते. घरच्या वायफाय राऊटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) म्हणून क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ हा पत्ता भरा. अश्लील साइट अडवणारी ही सेवा २०२० पासून मोफत आहे. मोबाइल डेटावर मात्र राऊटरचा उपयोग नाही. तिथे गूगलचं फॅमिली लिंक लावा. नवं अ‍ॅप तुमच्या मंजुरीनेच येईल अशी सोय त्यात आहे. लपून पाळत मुळीच नको. त्यासाठी अनोळखी अ‍ॅपला सगळ्या परवानग्या दिल्या, तर ओटीपीही बाहेर जाऊ शकतो. काय अडवलंय, काय नोंदवलं जातंय, हे मुलाला शेजारी बसवून दाखवा.