लाल बोट आणि दक्षिण ध्रुवप्रदेश

नकाशातील अंटार्क्टिका म्हणजे तळाशी सोडलेली पांढरी पट्टी. तेथे माणसे हौसेने सफरीला जातात, हे वाचून मी प्रथम हसलो. पण १९६६ साली लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी पर्यटकांची तुकडी तेथे नेली. १९६९ मध्ये अशा सफरींसाठीच ‘लिंडब्लाड एक्सप्लोरर’ ही लहानशी लाल बोट फिनलंडमध्ये बांधली गेली. बर्फाला तोंड देणारा सांगाडा, व्याख्याने देणारे तज्ज्ञ, किनाऱ्यावर उतरायला रबरी होड्या. तरंगते महाविद्यालयच म्हणा ना! पाहिल्याशिवाय जपावेसे वाटत नाही, हा या सफरींचा युक्तिवाद. मला तो पटलाही होता.

पुढे नुसते ‘एक्सप्लोरर’ नाव राहिलेल्या याच बोटीला २३ नोव्हेंबर २००७ रोजी साउथ शेटलंड बेटांजवळ बर्फाने भोक पाडले. १५४ माणसे कित्येक तास जीवरक्षक होड्यांत कुडकुडत होती. नॉर्वेच्या जहाजाने सर्वांना वाचवले. बोट मात्र टाक्यांतील डिझेलसह तळाशी गेली.

आज सफर कंपन्यांच्या संघटनेचे नियम कडक आहेत. एका ठिकाणी एका वेळी शंभराहून अधिक पर्यटक उतरवायचे नाहीत, पाचशेहून अधिक प्रवाशांच्या जहाजातून तर कोणालाच नाही. उतरण्यापूर्वी बूट धुवायचे. पण बुडालेले डिझेल कोण धुणार?

आणि तरीही, उद्या कोणी तिकीट हाती ठेवले तर मी नाही म्हणेन, असे छातीठोकपणे सांगवत नाही.