पहिलं विरजण कुणी लावलं?

बारावीला जीवशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली. 'जीवाची उत्पत्ती' या प्रकरणातून मुलांच्या हाती काय लागलं ते त्यांनाच ठाऊक. माझ्या पदरात पडलं ते असं.

१. उत्तर तोंडपाठ झालं की प्रश्न दिसेनासा होतो. पाश्चरने हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूत रस्सा उकळला. धूळ नळीतच अडकली, रस्सा नासला नाही. मान मोडल्यावर नासला. सजीव सजीवापासूनच होतो, हे सिद्ध! मोठ्या ऐटीत हे घरी सांगितलं, तर आई दह्याच्या भांड्यावर झाकण ठेवता ठेवता म्हणाली, "मग पहिलं विरजण कुणी लावलं?" एवढी पदवी घेऊन मी गप्प.

२. प्रयोग बेताचं बोलतो, बाकीचं आपण बोलतो. मिलरने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफेत आठवडाभर ठिणग्या पाडल्या. पाणी आधी गुलाबी झालं, मग गडद लाल, गढूळ. त्यात अमिनो आम्लं मिळाली. १९५३ साली हे छापून आलं. वर्गात हटकून कुणीतरी विचारायचं, "सर, त्यात काही हललं का?" नाही हललं. ऑस्ट्रेलियात मर्चिसनला १९६९ साली पडलेल्या उल्केतही अशी आम्लं सापडली. म्हणजे ती बनणं फार अवघड नसावं. अवघड आहे ते तिथून पेशीपर्यंतचं. त्याबद्दल पुस्तकात दोन ओळी होत्या आणि मीही त्या भरभर वाचायचो.

३. 'कसं' विज्ञानाचं, 'का' तत्त्वज्ञानाचं, ही वाटणी परीक्षेपुरती ठीक. विषाणू पेशीबाहेर निपचित पडून असतो, आत शिरला की स्वतःच्या प्रती काढून घेतो. हे सगळं यंत्रातून दिसतं. पण जिवंत कशाला म्हणायचं, ते कुठल्याच भिंगात दिसत नाही. नासाची व्याख्या सांगते : स्वतःला टिकवणारी, डार्विनच्या रीतीने उत्क्रांत होऊ शकणारी रासायनिक व्यवस्था. मग एकटं खेचर, ज्याला सहसा पिल्लूच होत नाही, ते कुठे बसवायचं? वर्ग हसायचा. मला त्या दिवशी जेवण जायचं नाही.

४. चार्वाकमत म्हणे, किण्वातून मद यावा तसं भूतांच्या मिश्रणातून चैतन्य येतं. धिटाई दांडगी, प्रयोग शून्य. तेव्हा 'आमच्याकडे हे आधीच होतं' असं म्हणून छाती फुगवण्यात अर्थ नाही.

५. कधी कधी विचार पुढे जातो आणि पुरावा मागून येतो. ओपारिनने १९२४ साली आणि हाल्डेनने १९२९ साली निर्जीव रसायनांतून जीव घडल्याची कल्पना मांडली, तेव्हा मिलरचा प्रयोग बराच दूर होता. हाल्डेन पुढे उघड भौतिकवादी झाला, १९५७ साली कलकत्त्याला आला, भारताचा नागरिक झाला. १९६४ साली भुवनेश्वरला तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे देह वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.