टपावरच्या कॅरिअरसाठी मामाचे कानमंत्र

भाचेबुवा, जीपच्या टपावर घरीच कॅरिअर करतोयस म्हणे! माझा पहिला कॅरिअर चढवायला चार माणसं लागली होती, आंब्याची एक पेटी चढायच्या आधीच टपाला पोक आलं. म्हणून सांगतो.

१. आधी गाडीच्या पुस्तकात टपाला किती वजन झेपतं ते बघ — कॅरिअरचं वजनही त्यातच मोजायचं असतं.

२. भरीव बार नको, चौकोनी पाइप घे — २५ मिमीचा भरीव बार मीटरला जवळपास ५ किलो भरतो, १६ गेजचा पाइप सव्वा किलोच्या आतच, आणि ताठपणा तरी चाळीस टक्के उरतो. टपावर पोकळच वासा शहाणा.

३. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ — १६ म्हणजे साधारण १.६ मिमी, १८ म्हणजे १.२. मी १८ जास्त मजबूत समजून घेऊन आलो होतो. दुकानदार हसलासुद्धा नाही, तेच जास्त लागलं.

४. ॲल्युमिनियमच्या वजनाला भुलू नकोस — वजन लोखंडाचा तिसरा हिस्सा, पण ताठपणाही तिसराच. घ्यायचंच तर पाइप मापाने मोठा घे. हलक्याला खांदा रुंद हवा.

५. खिडक्यांचे उरलेले ॲल्युमिनियमचे सेक्शन फुकट मिळाले तरी नकोत, ६०६१-टी६ माग — खिडकीचा माल मऊ असतो. टी६ला वेल्डिंग मात्र नको, पट्ट्या लावून बोल्टने कस. उष्णतेने सांध्याजवळची बरीच ताकद जाते.

६. स्टेनलेसचा बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर घाल — आपल्या खाऱ्या हवेत दोघं चिकटून बसले की ॲल्युमिनियमच खंगतं.

७. भोक पाइपच्या उभ्या बाजूला, मधोमध पाड — वजनाने वाकताना ताण वरच्या-खालच्या अंगावर येतो, मधली रेघ निवांत असते.

८. जीआय पाइप वेल्डिंगने जोडायचा तर सांध्यावरचं जस्त आधी घासून काढ, आणि काम अंगणात कर — जस्ताच्या धुराने रात्री हुडहुडी भरते. तुझ्या मामीने मलेरिया समजून मला तीन गोधड्यांत गुंडाळलं होतं.

९. खरं विचारशील तर पहिला कॅरिअर साध्या लोखंडाचाच कर, रेड ऑक्साइड मारून — घाटात सांधा सुटला तरी पुढच्या गावात वेल्डिंगवाला भेटतो, ॲल्युमिनियमवाला शोधत फिरावं लागतं.

१०. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर चहाला थांबलास की बोल्ट पुन्हा आवळ — आणि पाना सीटखाली ठेव, पेट्यांखाली नको.