दुकानात बिल, गोदामात चलान

वणीच्या कापड व्यापारात दुकान बाजारात आणि गोदाम गावाबाहेर, अशी सोय पुष्कळांची असते. बिल इथे होते, माल तिथून सुटतो. दोन्हीकडे संगणक असेल तर दुकानात बटण दाबून चलान थेट गोदामाच्या प्रिंटरवर काढता येते. आमच्या व्यापारी बांधवांनी ही सोय जरूर करावी, पण तिची चाल समजून घेऊन.

संगणक कागद सरळ प्रिंटरकडे पाठवत नाही. मध्ये ‘स्पूलर’ नावाचा कारकून बसलेला असतो. स्पूल म्हणजे रीळ. मालेगाव-भिवंडीच्या मागवाल्यांना ते सांगायला नको. आलेली कामे तो डिस्कवर रांगेत ठेवतो आणि प्रिंटर मोकळा झाला की एकेक सोडतो. दूरच्या छपाईत असे दोन कारकून असतात, एक दुकानात आणि एक गोदामात.

घोटाळा होतो तो इथे. दुकानाच्या रांगेतून काम नाहीसे झाले म्हणजे चलान छापले गेले, असे नोकर समजतो. प्रत्यक्षात गोदामाच्या कारकुनाने ते फक्त ताब्यात घेतलेले असते. ट्रान्सपोर्टची बिल्टी फाटली म्हणजे गाठ मारेगावला पोहोचली असे आपण धरत नाही, तसेच हे. गोदामात कागद संपलेला असतो, चलान मिळाले नाही म्हणून दुकानातून पुन्हा बटण दाबले जाते, आणि कागद भरताच दोन चलाने निघतात. हमाल दोन्ही चलानांचा माल काढतो. म्हणून फोनवर विचारल्याशिवाय दुसरी प्रत काढू नये. काढलीच तर तीवर ‘दुबार’ छापून यावे, आणि गोदामवाल्याने चलान नंबर वहीत टिपूनच माल सोडावा.

बसवणी अशी. गोदामाच्या संगणकाला कायमचा पत्ता द्यावा, उदा. १९२.१६८.१.५०, पत्ता रोज बदलला तर दुकानाला तो सापडत नाही. प्रिंटरचे नाव लहान आणि जोडून लिहावे. जुनी पद्धत एलपीडी, तिचे नियम १९९० साली आरएफसी ११७९ या क्रमांकाने छापले गेले. ती ५१५ क्रमांकाच्या दारातून चालते. नवी आयपीपी, तिचे दार ६३१. नव्याने बसवणाऱ्याने आयपीपीच घ्यावी.

मजकुराचे प्रिंटरच्या भाषेत रूपांतर एकाच ठिकाणी व्हावे. दुकानात ते झाले असेल तर गोदामाची रांग ‘रॉ’ ठेवावी, म्हणजे आले तसे पुढे जाते. दोघांनीही रूपांतर केले की पानेच्या पाने अगम्य खुणा निघतात आणि दोष बिचाऱ्या प्रिंटरला लागतो. ठोक्याच्या प्रिंटरवर इंग्रजी अक्षरे भरभर उमटतात. मराठी किंवा उर्दू नावे बहुधा चित्र म्हणून छापावी लागतात, त्यामुळे वेळ जातो. तीन प्रतींच्या कार्बनसाठी मात्र ठोक्याचाच प्रिंटर हवा.

दुकान-गोदाम एका आवारात नसेल तर दोन्हीकडच्या इंटरनेटवरून व्हीपीएनचा बंद रस्ता करून घ्यावा. वरची दारे बाहेर उघडी टाकू नयेत. २०२१ साली विंडोजच्या स्पूलरमध्येच ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची खोट सापडली आणि मायक्रोसॉफ्टला तातडीने दुरुस्ती काढावी लागली. अशा दुरुस्त्या वेळच्या वेळी घालाव्यात.

राहता राहिली वीज. वीज गेली तरी डिस्कवरची रांग शाबूत राहते आणि परत येताच कालची चलाने छापू लागते. तेव्हा गोदामवाल्याने आधी रांग उघडून पाहावी, शिळी कामे काढावीत आणि मगच प्रिंटर चालू करावा.