लॉच्या प्रवेशाला नेमका किती खर्च येतो?

बारावीनंतर लॉ करायचं ठरलं की घरात पहिली चौकशी होते ती क्लासची. खरं तर पहिली चौकशी परीक्षेची व्हायला हवी, कारण कोणती परीक्षा द्यायची यावरच पुढचा खर्च हजारांत राहणार की लाखांत जाणार हे ठरतं. महाराष्ट्रातल्या मुलामुलींसमोर मुख्यतः दोन वाटा असतात. एक क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची. दुसरी राज्याच्या सीईटी सेलची. पदवी हातात असलेल्यांनी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचा हिशेब मांडूच नये. त्यांच्यासाठी तीन वर्षांच्या एलएलबीची वेगळी सीईटी आहे.

आधी अर्जाचं शुल्क पाहू. २०२६च्या प्रवेशासाठी झालेल्या क्लॅटचा अर्ज खुल्या आणि ओबीसी गटाला ४,००० रुपयांना पडला, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या उमेदवारांना ३,५०० रुपयांना. दिल्लीचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ क्लॅटमध्ये नाही. त्याची आयलेट ही परीक्षा वेगळी, तिचा अर्ज खुल्या गटाला ३,५०० रुपये. सिम्बायोसिसच्या स्लॅटला परीक्षेचे २,२५० आणि त्यावर प्रत्येक कॉलेजमागे १,००० रुपये. राज्याची सीईटी खुल्या गटाला सुमारे १,००० रुपये, राखीव गटांना त्याहून कमी. चारही अर्ज भरले आणि सिम्बायोसिसची दोन कॉलेजं धरली, तर पावणेतेरा हजार रुपये होतात. यातलं काही परत मिळत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ‘भरून ठेवू, बघू पुढे’ म्हणत अर्ज भरू नयेत. ज्या कॉलेजची वार्षिक फी घराला झेपणारच नाही, त्याच्या परीक्षेचा अर्ज भरण्यात अर्थ नाही.

फीमधला फरक आधी समजून घ्यायला हवा तो याचसाठी. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत, मग ती मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची आपली तीन असोत की बाहेरची, वसतिगृह आणि मेस धरून वर्षाला साधारण अडीच ते साडेचार लाख रुपये लागतात. पाच वर्षांचा आकडा पंधरा लाखांच्या आसपास जातो. दुसरीकडे मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय, १८५५ सालचं, आजही वर्षाला दहा हजारांच्या आत शिकवतं आणि तिथला प्रवेश सीईटीच्या गुणांवर होतो. पुण्याचं १९२४चं आयएलएसही सीईटीवरच. अनुदानित जागा मिळाली तर पाच वर्षांचं शिक्षण एखाद्या विधी विद्यापीठाच्या एका वर्षाच्या फीपेक्षा कमी खर्चात होतं. मोठ्या लॉ फर्मची नोकरी हवी असेल तर नामवंत विधी विद्यापीठाच्या फीचा विचार जरूर करावा, कारण तिथे फर्म्स कॅम्पसवर येतात. जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात वकिली करायची असेल, न्यायाधीशपदाची परीक्षा द्यायची असेल, तर चांगल्या अनुदानित कॉलेजातून शिकणारा कुठेही मागे पडत नाही.

भाषेचा मुद्दाही पैशाशी जोडलेला आहे. क्लॅट फक्त इंग्रजीत होते. पेपर दोन तासांचा, प्रश्न १२०, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा, आणि जवळजवळ प्रत्येक प्रश्न लांब उतारा वाचून सोडवायचा. सीईटीला उणे गुण नाहीत आणि पेपर मराठीतही देता येतो. मराठी माध्यमातून आलेल्या, इंग्रजी वाचनाचा वेग नसलेल्या मुलाला क्लॅटच्या क्लासला घालून लाखभर रुपये भरले, तरी क्लास त्याला तो वेग देऊ शकत नाही. तो रोजच्या वाचनानेच येतो. अशा मुलाने आठवी-नववीपासून रोज एक इंग्रजी वर्तमानपत्र वाचलं तर त्याचा खर्च महिन्याला काही शे रुपये.

आता क्लास. मोठ्या शहरांतल्या वर्गात बसवून शिकवणाऱ्या क्लासची फी साधारण सत्तर हजारांपासून दीड लाखापर्यंत असते. ऑनलाइन पंधरा ते पन्नास हजारांत होतं. नुसती टेस्ट सिरीज तीन ते दहा हजारांत मिळते. सांगितलेल्या फीमध्ये १८ टक्के जीएसटी धरला आहे का, हे आधी विचारा. एक लाखावर अठरा हजार नंतर वाढलेले अनेक पालकांनी सोसले आहेत. गावाहून पुण्यात येऊन राहायचं तर खोली, डबा आणि अभ्यासिकेचे पैसे क्लासच्या फीपेक्षा जास्त होतात. सीईटीसाठी एवढं सगळं करण्याची गरज मला वाटत नाही. मागच्या प्रश्नपत्रिका, कायदेविषयक प्रश्नांचं एक चांगलं पुस्तक, तर्कबुद्धीचं एक, रोजचं वर्तमानपत्र आणि एक टेस्ट सिरीज: दहा हजारांच्या आत तयारी होते. संविधान मराठीत सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. क्लॅटसाठी क्लास लावायचाच असेल तर आधी घरी बसून, घड्याळ लावून, गेल्या वर्षीची एक प्रश्नपत्रिका सोडवा. नेमकं कुठे कमी पडतं ते कळलं की पूर्ण कोर्स हवा की नुसता सराव, हे ठरवता येतं. क्लासवाल्यांच्या समुपदेशकाला विचारून हे ठरवू नका. त्यांचं काम प्रवेश विकण्याचं आहे.

जाहिरातींच्या बाबतीत कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. निवडीची हमी देणारे दावे करता येत नाहीत. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो त्याच्या निकालानंतर घेतलेल्या लेखी संमतीशिवाय छापता येत नाही आणि त्याने कोणता कोर्स केला होता हेही सांगावं लागतं. पहिल्या शंभरातल्या मुलाने फक्त मॉक दिलेली असते आणि फलकावर तो वर्षभराचा विद्यार्थी म्हणून झळकतो, म्हणून ही अट महत्त्वाची. मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असं केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तरीही ‘फी परत मिळणार नाही’ असा शिक्का पावतीवर मारला जातो. तसा शिक्का दिसला तर सही करण्याआधी वाद घाला आणि पूर्ण फी एकदम भरू नका, हप्ते मागा. कोचिंग क्लास ग्राहक कायद्याच्या कक्षेत येतात, हे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२०मध्ये स्पष्ट केलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला आयोगाकडे शुल्क नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, अनेकदा तेवढ्यानेच काम होतं.

क्लॅट उत्तीर्ण झाल्यावर बहुतेक घरं अडतात ती समुपदेशन फेरीच्या पैशांवर. अलीकडच्या फेऱ्यांत सहभागी होण्यासाठीच खुल्या गटाला ३०,००० आणि राखीव गटांना २०,००० रुपये भरावे लागले, तेही मोजक्या दिवसांत. जागा मिळाली तर ही रक्कम फीत वळती होते. फेरीतून बाहेर कधी पडलं की किती कापलं जातं, हे त्या वर्षीच्या सूचनापत्रात वाचूनच पैसे भरा. क्लॅट डिसेंबरमध्ये होते, म्हणजे ही रक्कम दिवाळीनंतर बाजूला काढलेली असली पाहिजे. राज्याचा प्रकार उलटा आहे. सीईटी उन्हाळ्यात होते, पण लॉच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्या पुष्कळदा पावसाळाभर रेंगाळतात. दरम्यान वर्ष वाया जाऊ नये म्हणून पालक बीए किंवा बीकॉमला प्रवेश घेऊन ठेवतात. तसा घ्यायचाच तर अनुदानित कॉलेजात, कमीत कमी फीचा घ्या आणि मूळ कागदपत्रं त्यांच्याकडे अडकू देऊ नका.

विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं आणि मंजूर आकडा त्याच्या संकेतस्थळावर असतो. विकासनिधी, देणगी अशा नावाने वेगळे पैसे मागितले तर तो आकडा समोर ठेवा. महाराष्ट्रात कॅपिटेशन फीला १९८७च्या कायद्याने बंदी आहे.

सर्वांत मोठी बचत सवलतींत आहे आणि तीच सर्वांत जास्त हुकते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षण फी सुटते. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने याच उत्पन्नमर्यादेतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. मात्र प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात घेतला तर ही माफी नाही. त्यामुळे एखाद्या मुलीने कॅप फेरीतली जागा सोडून कॉलेजच्या कोट्यातून आवडीची जागा घेतली, तर ती पाच वर्षांची माफी गमावते. हे कुणी तिला काउंटरवर सांगत नाही, म्हणून इथे लिहितो आहे. गोव्यातल्या मराठी मुलांनीही लक्षात ठेवावं: या योजनांना महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र लागतं.

या सवलतींचा अर्ज राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा. त्यासाठी अधिवास, उत्पन्न, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता हे दाखले लागतात. वैधतेला महिने जातात, ते प्रकरण अकरावीतच दाखल करा. दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रासाठी लागणारा ५०० रुपयांचा मुद्रांक सरकारने २०२५मध्ये माफ केला आहे, आता साध्या कागदावर चालतं. कुणी मुद्रांकाचे पैसे मागितले तर देऊ नका. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि कॅप फेऱ्या त्यानंतर सुरू होतात, तेव्हा एप्रिल लागताच सेतू केंद्रात जाऊन नवा दाखला काढून घ्या.