ध्वनिक्षेपकाची पेटी

ध्वनिक्षेपकाचा कागदी पडदा पुढें सरकला कीं समोरची हवा दाबली जाते व मागची विरळ होते. सांध्यांतील फटींवाटे ह्या दोन लहरी मिळाल्या तर एकमेकींस मारतात. मग तबला वाजतो, पण डग्गा ऐकूं येत नाहीं. १९५४ सालीं अमेरिकेंत एडगर व्हिल्चर ह्यांनीं हवाबंद पेटींतील हवेचाच स्प्रिंगेप्रमाणें उपयोग करून लहानशा पेटींतून खोल खर्ज काढून दाखविला. तेव्हां रंगाआधीं सांधे.

आम्हीं प्रत्येक कोपऱ्यांत आंतून सरस व लांकडाचा बारीक भुसा कालवून भरला. सरस वाळतांना आक्रसतो, सबब दुसऱ्या दिवशीं पुन्हा एक हात दिला. तारेचें छिद्र बहुतेकांच्या ध्यानांत राहत नाहीं. तें मेणानें बुजविलें. नंतर ध्वनिक्षेपक बसवून पडदा बोटांनीं हलकेच आंत लोटला. तो सावकाश परतला, तेव्हां खात्री पटली.

रंगापूर्वीं ध्वनिक्षेपक काढून ठेवावा. प्लायवुडाच्या कडा रंग फार पितात. त्यांस लांबी भरून अस्तराचे दोन हात द्यावे. जाड हात वरून सुकतो, आंत ओला राहतो व सुरकुततो. पातळ तीन हात बरे. रंगानें आवाज सुधारतो असें कांहीं सांगतात. आम्हांस फरक जाणवला नाहीं. पावसाळी दमटपणापासून लांकूड मात्र वांचतें.